युरोपातलं एलएलएम: ऐरोलीहून आलेल्या प्रश्नाला सविस्तर उत्तर

एलएलएम, म्हणजे कायद्यातली पदव्युत्तर पदवी, युरोपात घेण्याबद्दलचा प्रश्न थोडक्यात असा: ‘ठाण्याच्या लॉ कॉलेजात पाच वर्षांच्या बीएलएस एलएलबीच्या शेवटच्या वर्षाला आहे. सरासरी ५८ टक्के, एक केटी होती ती सुटली. राहायला ऐरोलीत, सिडकोच्या जुन्या घरात. बाबा ३० लाखांपर्यंत कर्ज काढायला तयार आहेत. स्टेशनजवळचा एजंट आयर्लंड म्हणतो, मैत्रीण म्हणते जर्मनीत फुकट आहे, कॉलेजचे सर नेदरलँड्स सुचवतात. तिकडे नोकरी लागली तर उत्तम, नाहीतर परत येईन. कोणतं एलएलएम घेऊ?’

तुमच्या प्रश्नातली खरी गाठ शेवटून दुसऱ्या वाक्यात आहे. ‘तिकडे लागली तर उत्तम, नाहीतर परत’ म्हणताना तुम्ही एकाच पदवीकडून दोन वेगळी कामं मागताय. तिकडच्या नोकरीला उपयोगी पडणारं एलएलएम आणि इथे परतल्यावर किंमत असलेलं एलएलएम ही बहुतेक वेळा दोन वेगळी एलएलएम असतात. म्हणून देश बाजूला ठेवा आणि आधी ही गाठ सोडवा.

युरोपातल्या एलएलएममुळे कोणीही तिथे वकील होत नाही. जर्मनीत वकिलीसाठी दोन राज्य परीक्षा आणि त्यांच्या मधे दोन वर्षांची उमेदवारी असते, तीही जर्मन भाषेत. नेदरलँड्समध्ये डच कायद्याची डच भाषेतली पदवी लागते. आयर्लंडमध्ये सॉलिसिटर, म्हणजे तिथला एक प्रकारचा वकील, व्हायचं तर एफई-१ नावाचे आठ पेपर, मग प्रशिक्षण करार. इंग्लंड आता युरोपीय संघात नाही, पण चौकशी तिकडचीही होते म्हणून सांगतो: तिथे २०२१ पासून सॉलिसिटर होण्यासाठीची एसक्यूई परीक्षा आणि दोन वर्षांचा पात्र कामाचा अनुभव हा रस्ता आहे, आणि त्यासाठी एलएलएम लागतच नाही. तो अनुभव भारतात घेतलेलाही चालू शकतो, फक्त तो प्रमाणित करायला तिथला सॉलिसिटर हवा. ‘एलएलएम करा, सॉलिसिटर व्हा’ असं कोणी सांगत असेल तर त्याला एसक्यूई म्हणजे काय ते विचारा. उत्तरावरून माणूस कळतो.

मग एलएलएम झालेल्यांना तिकडे नोकऱ्या कुठल्या लागतात? डेटा संरक्षण, कंप्लायन्स (कंपनी नियम पाळते ना ते बघणं), करारांचं व्यवस्थापन, आंतरराष्ट्रीय कर, निर्बंधांची तपासणी. कोर्टात उभं राहणं त्यात नसतं. कंपनीला त्या विषयातला माणूस हवा असतो, आणि दोन वर्षांचा अनुभव असलेला हवा असतो. कोऱ्या पाटीने गेलेल्या विद्यार्थ्याला एलएलएमनंतरचे महिने जड जातात ते याच कारणाने.

परतीचा विचार असेल तर आणखी एक फाटा आहे. वकिली करायची असेल तर एलएलबी, सनद (वकिलीचा परवाना) आणि ऑल इंडिया बार परीक्षा एवढं पुरतं, एलएलएम ही वरची भर. पण पुढे कधी लॉ कॉलेजात शिकवायचा विचार मनात असेल तर थांबा. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २०२० च्या पदव्युत्तर शिक्षण नियमांनुसार परदेशातलं एक वर्षाचं एलएलएम भारतीय एलएलएमच्या बरोबरीचं धरलं जात नाही. त्यावर इथे वर्षभर शिकवण्याचा अनुभव जोडून समकक्षतेची वाट ठेवली आहे, पण ती वाट खडतर आहे आणि हे नियम सर्वोच्च न्यायालयात आव्हानाखाली आले आहेत. प्राध्यापकीचं ठरलेलंच असेल तर १२० क्रेडिटांचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम बघा, जसा स्वीडनमध्ये लुंड विद्यापीठाचा मानवाधिकार कायद्याचा आहे. किंवा सरळ मुंबई विद्यापीठाचं दोन वर्षांचं एलएलएम करा आणि परदेश पीएचडीसाठी राखून ठेवा.

आता विद्यापीठाच्या संकेतस्थळावरचं पदवीचं पान कसं वाचायचं ते. युरोपात अभ्यास ईसीटीएस क्रेडिटांत मोजतात. एक क्रेडिट म्हणजे २५ ते ३० तासांचं काम, पूर्ण वर्ष म्हणजे ६० क्रेडिट. पानावर ६० लिहिलं असेल तर एक वर्ष, ९० म्हणजे तीन सत्रं, १२० म्हणजे दोन वर्षं. ‘एलएलएम’ हे तीन अक्षरी नाव मात्र फसवं आहे. नेदरलँड्समध्ये साधं एलएलएम आणि ‘अ‍ॅडव्हान्स्ड एलएलएम’ असे दोन प्रकार. दुसरा प्रकार पहिल्या मास्टरनंतरचा किंवा काम केलेल्यांसाठीचा. फ्रान्समध्ये इंग्रजीतली बरीच एलएलएम ही विद्यापीठाची स्वतःची पदविका असतात, राष्ट्रीय मास्टर नसतात, आणि शिक्षणानंतर नोकरी शोधण्याचा परवाना मागताना तो फरक आडवा येतो. तेव्हा प्रत्येक ठिकाणी एकच ईमेल पाठवा: पदवी कोण देतं, ती देशाच्या मान्यता यंत्रणेत कोणत्या स्तरावर नोंदलेली आहे, आणि तिच्यावर शिक्षणोत्तर परवाना मिळतो का. उत्तर लेखी घ्या.

जर्मनीतलं ‘फुकट’. सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी बहुतांशी नाही हे खरं आहे. बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरच्यांना सत्राला १,५०० युरो लागतात, तो अपवाद. पण परदेशी पदवीधरांसाठीचं फुकटचं एलएलएम जवळजवळ सगळीकडे जर्मनमध्ये शिकवलं जातं आणि सी-१, म्हणजे प्रगत पातळीच्या आसपासची भाषा मागतं. शून्यापासून रोज दोन तास दिले तरी दीड वर्ष कुठे गेलं कळत नाही. इंग्रजीतली एलएलएम बहुतेक ‘वायटरबिल्डंड’, म्हणजे नोकरदारांसाठीची मास्टर. त्यांना सरकारी विद्यापीठातही फी असते आणि पदवीनंतरचा साधारण वर्षभराचा कामाचा अनुभव लागतो. शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थिनीचा अर्ज तिथे मेरिटपर्यंत पोचतच नाही.

शिवाय गुणांचं रूपांतर. जर्मन विद्यापीठं बव्हेरियन सूत्र वापरतात: जास्तीत जास्त गुणांतून तुमचे गुण वजा करा, त्याला जास्तीत जास्त आणि पासिंग यांच्या फरकाने भागा, ३ ने गुणा, १ मिळवा. १०० पैकी ५८ आणि पासिंग ४० धरलं तर ४२ भागिले ६० म्हणजे ०.७, गुणिले ३ म्हणजे २.१, अधिक १ म्हणजे ३.१. जर्मनीत १ सर्वोत्तम आणि ४ काठावर पास. आपल्याकडे लॉला ५८ म्हणजे बरे गुण, तिकडे ३.१ म्हणजे मध्यम, आणि चांगल्या अभ्यासक्रमांची रेषा २.५ च्या आसपास असते. ट्रान्सक्रिप्टवर (विद्यापीठाच्या एकत्रित गुणपत्रकावर) पासिंग चुकून ५० छापलं गेलं तर हाच आकडा ३.५२ होतो. म्हणून ट्रान्सक्रिप्ट हातात आल्यावर मागच्या बाजूचा गुणतक्ता आधी वाचा. जोडीला कॉलेजकडून वर्गातल्या क्रमांकाचं पत्र घ्या. १२० जणांत पंधरावी असाल तर ते पत्र टक्क्यांपेक्षा जास्त बोलतं. भारतीय अर्जदारांना नोव्हेंबर २०२२ पासून एपीएस, म्हणजे शैक्षणिक कागदपत्रांच्या पडताळणीचं प्रमाणपत्रही लागतं, फी १८,००० रुपये. केटी लपवू नका. सगळ्या प्रयत्नांची मार्कशीट जोडा, मधलं एखादं सत्र गायब दिसलं तर अर्ज तिथेच अडकतो.

नेदरलँड्सची बाजू अशी की अभ्यासक्रम इंग्रजीत आहेत, विषय नेमके आहेत, व्हिसाचा अर्ज विद्यापीठ स्वतः करतं आणि पदवीनंतर नोकरी शोधायला एक वर्ष मिळतं, ज्याला तिथे ‘झुकयार’ म्हणतात. वाईट बाजू म्हणजे खोली. घरं मिळत नाहीत हे सगळे सांगतात, पण पेच नेमका कुठे पडतो तो असा: खोली अशी हवी की जिच्या पत्त्यावर नगरपालिकेत नोंदणी करता येते. नोंदणी नाही तर नागरिक क्रमांक नाही, आणि क्रमांक नाही तर बँक आणि पगार दोन्ही रखडतं. त्या नोंदणीला अपॉस्टील केलेला (परदेशात ग्राह्य धरण्यासाठी सरकारी शिक्का मारलेला) जन्मदाखला लागतो. जुन्या दाखल्यांवर बाळाचं नावच नसतं, नुसतं ‘मुलगी’. ठाणे किंवा नवी मुंबई महापालिकेत, नाहीतर जन्म गावी झाला असेल तर ग्रामपंचायतीत जाऊन नाव चढवून घ्यायला निघायच्या आधी चार महिने हातात ठेवा.

आयर्लंडबद्दल फार लिहीत नाही. इंग्रजी, कॉमन लॉ (आपल्यासारखी इंग्लिश परंपरेतली कायदापद्धती), एक वर्ष, वर दोन वर्षं राहायची मुभा. चारही गोष्टी खऱ्या आहेत. तंत्रज्ञान कंपन्यांची युरोपीय मुख्यालयं डब्लिनमध्ये असल्याने डेटा संरक्षणाचं कामही तिथे भरपूर. पण एजंटने आयर्लंडच का सुचवलं तेही समजून घ्या. एजंटचं कमिशन विद्यापीठ देतं, आणि जी विद्यापीठं देत नाहीत ती त्याच्या यादीत नसतात. सल्ला फुकट मिळतो तो असा.

आता मुख्य मुद्दा, विषय. नवी मुंबईत राहणाऱ्याला दोन विषय अक्षरशः घराजवळचे आहेत आणि दोन्हींकडे इथल्या विद्यार्थ्यांचं लक्ष कमी आहे.

पहिला डेटा. ऐरोली-महापे पट्ट्यातल्या कितीतरी कंपन्या युरोपातल्या ग्राहकांचा डेटा हाताळतात. युरोपचा डेटा संरक्षण कायदा, जीडीपीआर, २५ मे २०१८ पासून लागू आहे. त्याचं कलम २८ सांगतं की दुसऱ्याकडून डेटा हाताळून घ्यायचा तर लेखी करारात काय काय हवं. डेटा युरोपाबाहेर, म्हणजे महाप्याला, पाठवायचा तर बहुतेक वेळा युरोपीय आयोगाची २०२१ ची प्रमाणित कलमं जोडावी लागतात. डेटा फुटला तर पर्यवेक्षी यंत्रणेला ७२ तासांत कळवायचं, आणि शुक्रवारी रात्री महाप्यात गळती सापडली तर ते तास कोणाच्या घड्याळात केव्हा सुरू होतात हा प्रश्न त्या करारात आधीच सोडवलेला असावा लागतो. हे काम ऐरोलीत बसूनही होतं आणि अ‍ॅमस्टरडॅममध्ये बसूनही होतं. त्यात आपला डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायदा २०२३ चा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ चे. दोन्ही कायदे शेजारी ठेवून वाचू शकणारा माणूस दोन्हीकडे चालतो. तुमच्या ‘तिकडे किंवा इकडे’ या अटीत बसणारा विषय मला हाच दिसतो. नेदरलँड्समधल्या लायडनचं कायदा आणि डिजिटल तंत्रज्ञानाचं अ‍ॅडव्हान्स्ड एलएलएम, तिथल्याच टिलबर्गचं कायदा व तंत्रज्ञान, बेल्जियममधल्या लूव्हेनचं बौद्धिक संपदा व माहिती तंत्रज्ञान कायद्याचं एलएलएम, ही या विषयातली पानं शेजारी उघडून वाचा.

दुसरा जहाजांचा कायदा. न्हावा-शेवा तुमच्या घरापासून तासाभरावर, आणि मुंबई उच्च न्यायालयाला अ‍ॅडमिरल्टी, म्हणजे जहाजांविषयीच्या दाव्यांचे अधिकार आहेत, २०१७ च्या कायद्याने ते नीट बांधले गेले. २०२५ मध्ये संसदेने बिल ऑफ लेडिंगचा (जहाजावर चढवलेल्या मालाच्या पावतीचा) १८५६ चा आणि समुद्रमार्गे मालवाहतुकीचा १९२५ चा, असे दोन्ही जुने कायदे बदलले, व्यापारी नौवहनाचा नवा कायदाही आणला. म्हणजे सिनिअरलाही नव्याने वाचावं लागणारा काळ आहे, ज्युनिअरला शिरायला बरा. शिकायला ओस्लोचं सागरी कायद्याचं ९० क्रेडिटांचं एलएलएम आहे (नॉर्वेत २०२३ पासून युरोपबाहेरच्यांना फी सुरू झाली आहे), रॉटरडॅम आहे, माल्टात आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेची आयएमएलआय ही संस्था आहे जिथे निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव असतात, मात्र तिथे पुष्कळ जण आपापल्या सरकारांनी पाठवलेले असतात. पण एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. जहाजांचे करार आणि भाडेपट्टे फार मोठ्या प्रमाणात इंग्लिश कायद्याखाली आणि लंडनच्या लवादाखाली होतात. म्हणून निव्वळ या विषयासाठी ब्रिटनमधली साउदॅम्प्टन किंवा स्वानसी विद्यापीठं युरोपीय संघातल्या बऱ्याच पर्यायांपेक्षा जास्त कामाची.

लवाद, कर, अवकाश कायदा यांना जिनिव्हा, स्टॉकहोम, व्हिएन्ना, लायडन अशी ठरलेली घरं आहेत, पण तुम्ही त्यांतलं काही विचारलेलं नाही. ‘इंटरनॅशनल लॉ’ एवढंच नाव असलेलं सर्वसाधारण एलएलएम मात्र टाळा. हेगमधल्या आंतरराष्ट्रीय न्यायालयांच्या इमारती बघून घेतलेला तो निर्णय असतो, आणि तिथल्या संस्थांमध्ये इंग्रजीबरोबर फ्रेंच येणाऱ्यांना पसंती मिळते.

पैशांचा हिशेब. युरो शंभर रुपये धरा. नेदरलँड्समध्ये फी साधारण २० हजार युरो, राहणं-खाणं महिन्याला १,२०० प्रमाणे बारा महिन्यांचे १४,४००, वर विमान, विमा, घराचं डिपॉझिट मिळून दीड-दोन हजार. म्हणजे ३६ लाख. परदेशी शिक्षणकर्जात बँका सहसा १५ टक्के मार्जिन घरचं मागतात, ते ५ लाख ४० हजार. उरलेलं कर्ज सुमारे ३० लाख. साडेदहा टक्क्यांनी दहा वर्षांचा हप्ता महिन्याला साधारण ४०,५०० रुपये, त्याच्या आधी शिक्षणकाळातलं व्याज वेगळं. ठाणे कोर्टात ज्युनिअरच्या मानधनात हा हप्ता निघत नाही, हे बाबांनी आकडा बघून ठरवायचं आहे. फी थेट कर्जखात्यातून पाठवली तर टीसीएस (परदेशी पैसे पाठवतानाच घेतला जाणारा कर) कापला जात नाही, स्वतःच्या पैशातून आर्थिक वर्षात १० लाखांवर पाठवलं तर कापला जातो. जर्मनीचं ठरलं तर व्हिसाआधी ब्लॉक्ड खात्यात (ज्यातून दर महिन्याला ठराविकच रक्कम काढता येते) वर्षाचे ११,९०४ युरो ठेवावे लागतात, आणि बँक कर्जातून त्या खात्यात रक्कम सोडते का हे मंजुरीच्या आधी विचारायचं. मंजुरीनंतर विचारणाऱ्यांचा जुलै वाया जातो.

तारणाचा घोळ तुमच्या बाबतीत जास्त संभवतो. सिडकोची जमीन भाडेपट्ट्याची, त्यामुळे गहाण ठेवायला सिडकोचं ना-हरकत पत्र लागतं. घर आजोबांच्या नावावर राहिलं असेल, किंवा मूळ वाटपधारकाकडून मुखत्यारपत्रावर घेतलं असेल आणि सिडकोत हस्तांतर झालं नसेल, तर बँकेचा पॅनेलवरचा वकील तिथेच थांबतो. जुन्या घराला मागे-पुढे वाढवलेल्या खोल्या मंजूर नकाशात नसतील तर मूल्यांकन तेवढंच खाली येतं. सिडकोच्या वाटपापासून आजपर्यंतची सगळी कागदपत्रं एका फाइलमध्ये लावून विद्यापीठाचा अर्ज भरायच्या आधी बँकेत दाखवा. ऑफर लेटर नंतर आलं तरी चालतं, टायटल, म्हणजे घराची मालकी साफ आहे का ते, मात्र आधी कळलं पाहिजे. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, तिला विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीतल्या स्थानाची अट असते. जे. एन. टाटा एंडोमेंट कर्जरूपाने मदत करतं. दोन्हींच्या तारखा विद्यापीठांच्या तारखांशी जुळत नाहीत, वेगळ्या लिहून ठेवा.

कागदांत दोन गोष्टी नेहमी चुकतात. मुंबई विद्यापीठाच्या मार्कशीटवर नाव आडनाव, नाव, वडिलांचं नाव, आईचं नाव असं येतं, पासपोर्टवर वेगळ्या क्रमाने आणि आईच्या नावाशिवाय. परदेशी कार्यालयाला ही दोन माणसं वाटतात. एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र इंग्रजीत नोटरी करून पहिल्या अर्जापासून जोडा. दुसरं शिफारसपत्र. विद्यापीठं प्राध्यापकाच्या संस्थेच्या ईमेलवर दुवा पाठवतात, आणि आपले बरेच सर सकाळी कोर्टात, संध्याकाळी वर्गात, ईमेल मात्र जीमेल. प्राचार्यांच्या कार्यालयाचा अधिकृत ईमेल वापरा किंवा सनद क्रमांक असलेलं लेटरहेड जोडून विद्यापीठाला आधी कळवा. पत्रात ‘हुशार आणि कष्टाळू’ असून भागत नाही. कोणता पेपर, कोणता मूट (सरावाचा खटला), कोणता मसुदा, हे हवं.

माझं मत विचारलंत म्हणून: या सप्टेंबरला जाऊ नका. शेवटच्या सत्राचा निकाल लांबला की सशर्त प्रवेशाची मुदत हातून जाते, आणि आगाऊ भरलेली रक्कम सगळीकडे परत मिळत नाही. निकाल लागला की सनद घ्या. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२४ च्या निकालानंतर नोंदणी शुल्क सर्वसाधारण प्रवर्गाला ७५० रुपयांवर आलं आहे. बार परीक्षा द्या. वर्षभर डेटा करार बघणाऱ्या चेंबरमध्ये किंवा महाप्यातल्या एखाद्या कंपनीच्या विधी विभागात काम करा. या वर्षाने वायटरबिल्डंडचं दार उघडतं, नेमकं शिफारसपत्र मिळतं आणि ५८ टक्क्यांच्या शेजारी लिहायला काहीतरी होतं. ऑगस्टमध्ये ट्रान्सक्रिप्टला कलिनाच्या परीक्षा भवनात अर्ज, सप्टेंबरमध्ये आयईएल्टीएस ही इंग्रजीची परीक्षा (७ मिळवा, एकाही भागात ६.५ च्या खाली नको), ऑक्टोबरपासून अर्ज. स्वीडन जानेवारीच्या मध्याला बंद होतं, इतरांच्या तारखा त्यानंतर एप्रिलपर्यंत येत राहतात. अर्ज चारच करा, त्यातले दोन डेटाचे. आणि सिडकोच्या ना-हरकत पत्राचा अर्ज या सगळ्याच्या आधी, पुढच्याच आठवड्यात टाका.